किल्ल्याजवळच्या टॉवरवर नवी ॲन्टेना लावायची असेल तर

मी देवगड तालुक्यात घरांचे आणि लहानसहान बांधकामांचे नकाशे काढते. अलीकडे गच्चीवरच्या मोबाइल टॉवरची कामंही येतात. त्यात घरमालकाला बहुतेक वेळा एकच गोष्ट सांगितलेली असते: "टॉवर जुनाच आहे, नुसत्या दोन-तीन ॲन्टेना वाढवायच्या आहेत, परवानगी लागत नाही." घर किल्ल्याजवळ असेल तर एवढ्यावर विसंबून करारनाम्यावर सही करू नका. कंपनीचा माणूस उद्या दुसऱ्या जिल्ह्यात जाईल, नोटीस मात्र जागेच्या मालकाच्या दारात येईल.

पहिलं काम अंतर मोजण्याचं. केंद्र सरकारने संरक्षित केलेल्या स्मारकाच्या हद्दीपासून चारही बाजूंना १०० मीटर हे प्रतिषिद्ध क्षेत्र आणि त्यापुढचे २०० मीटर विनियमित क्षेत्र. प्राचीन स्मारकांच्या १९५८ च्या कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून हे थेट कायद्यातच आहे. मोजायचं ते संरक्षित हद्दीपासून. बुरुजापासून किंवा दरवाजापासून नाही. हद्द तटाच्या बाहेरही असू शकते, म्हणून पुरातत्त्व खात्याच्या नकाशावर ती आधी बघून घ्या आणि सर्व्हे नंबर सातबाऱ्याशी ताडून पाहा.

मालवणला सिंधुदुर्ग कुरटे बेटावर, हर्णैला सुवर्णदुर्ग समुद्रात. मध्ये पाणी असल्यामुळे किनाऱ्यावरची बरीचशी घरं ३०० मीटरच्या बाहेर पडतात. विजयदुर्गाचं तसं नाही. तो जमिनीला जोडलेला, गाव थेट दरवाजापर्यंत आलेलं. तिथं एका आळीतलं एक घर प्रतिषिद्ध क्षेत्रात आणि पलीकडचं विनियमित क्षेत्रात, असं होऊ शकतं. "किल्लो थंय, घर हंय, मदी रस्तो आसा, आमका परवानगी कित्याक व्हयी?" असं मला विचारतात. रस्ता मध्ये आला म्हणून मीटर कमी होत नाहीत.

घर पहिल्या १०० मीटरमध्ये असेल तर नवा टॉवर विसरा. तिथं १६ जून १९९२ च्या आधीपासून असलेल्या किंवा नंतर रीतसर मंजुरीने बांधलेल्या इमारतीच्या दुरुस्तीसाठी आणि नूतनीकरणासाठीच अर्ज करता येतो. मंजुरीशिवाय तिथं बांधलं तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी मिळू शकते, पण अर्ज करावाच लागतो. बांधकामाला, पुनर्बांधणीला, अगदी दुरुस्तीलासुद्धा. बांधकामाच्या व्याख्येत उभी किंवा आडवी वाढ येते. म्हणून जुन्या टॉवरच्या डोक्यावर तीन मीटरचा पाइप चढवून त्यावर ॲन्टेना बसवणं हे 'नुसतं लावणं' नाही. खाऱ्या हवेने गंजलेला पॅनेल काढून तेवढाच नवा बसवायचा असेल तरी ही किरकोळ गोष्ट आहे असं परस्पर ठरवू नका, लेखी विचारा.

काही मालक सांगतात, अमेरिकेत जुन्या टॉवरला सूट असते. असते, पण ती तिथल्या नियमांत. तिथं १९६६ च्या वारसा जतन कायद्याखाली, टॉवरचा वारसास्थळावर काय परिणाम होईल याची तपासणी होते. १६ मार्च २००१ च्या करारानुसार त्या तारखेपर्यंत बांधलेल्या टॉवरवर नवी ॲन्टेना सहसा वेगळ्या तपासणीशिवाय लावता येते. टॉवरचा आकार फार वाढत असेल तर ही सूट नाही. ॲन्टेना इमारतीवर लावायची असेल आणि ती इमारत ४५ वर्षांहून जुनी किंवा ऐतिहासिक वस्तीच्या हद्दीपासून २५० फुटांच्या आत असेल, तर तिथंही तपासणी सहसा चुकत नाही. आपल्याकडे ही सूट दाखवून काहीच साधत नाही.

आपल्याकडे अर्ज सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे या परवानग्यांसाठी केंद्र सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जातो. तो पंधरा दिवसांत राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे पाठवायचा, प्राधिकरणाने दोन महिन्यांत स्मारकावर काय परिणाम होईल ते कळवायचं आणि त्यानंतर महिन्याभरात निर्णय द्यायचा, असं कायदा सांगतो. म्हणजे साडेतीन महिने धरून चाला. जूनमध्ये पाऊस लागला की आपल्याकडे पायाही खणता येत नाही आणि उंचावरचं कामही बंद. तेव्हा फाइल दिवाळीच्या सुमारास आत गेलेली बरी.

फाइलमध्ये मालकीचे कागद, जागेचे फोटो, अंतर दाखवणारा नकाशा, प्लॅन, एलेव्हेशन (समोरून दिसणारं चित्र) आणि सेक्शन (उभा छेद) लागतात. माझ्या मते सगळी फाइल सेक्शनवर उभी असते. घराचा सुटा सेक्शन काढून देऊ नका. भरतीची रेषा तळाला घ्या, त्यावर किल्ल्याचा तट, मग रस्ता, मग चढण, मग घर, गच्चीचा कठडा, पाण्याची टाकी, टॉवर आणि शेवटी वीजरोधकाचं टोक, सगळं एकाच पातळीवरून मोजून दाखवा. कोकणात गाव चढणीवर असतं. गच्चीवरचा बारा मीटरचा सांगाडा कागदावर लहान वाटतो, पण किल्ल्यामागच्या टेकाडावर तो तटाच्याही वर निघतो. सोबत दोन फोटो जोडा: एक बुरुजावरून आपल्या घराकडे, दुसरा होडीतून किंवा जेटीवरून किल्ल्याकडे, आणि त्यावर टॉवर मापात रेखून दाखवा. हे कोणी मागितलं नाही तरी मी देते. खाडीतून येताना तटाची रेषा अखंड दिसते, तिच्यावर लोखंड उभं राहू नये असं मला मनापासून वाटतं. रेंजही हवीच. म्हणून उंची कमी करून ॲन्टेना दुसऱ्या बाजूच्या गच्चीवर नेता येते का, हे कंपनीच्या रेडिओ इंजिनीअरला आधी विचारा, बऱ्याचदा जमतं.

काही किल्ले राज्य संरक्षित आहेत. जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत आलेल्या बारा किल्ल्यांपैकी सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग केंद्राकडे आहेत, खांदेरी राज्याकडे. राज्याच्या स्मारकाजवळ काम असेल तर पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाला विचारा. ग्रामपंचायतीचा ठराव, दूरसंचारच्या पोर्टलवरची मंजुरी आणि किनाऱ्यालगत असाल तर सीआरझेडची (किनारपट्टीवरच्या बांधकामाच्या नियमांची) परवानगी हे सगळं वेगवेगळं. एक मिळालं म्हणून दुसरं सुटत नाही. रेडिएशनची तक्रार दूरसंचार विभागाकडे करायची, पुरातत्त्वकडे नाही.

करारनाम्यात दोन वाक्यं लिहून घ्या: सगळ्या परवानग्या कंपनीने स्वखर्चाने आणायच्या, आणि पुढे एकही ॲन्टेना, डिश किंवा जनरेटर वाढवायचा तर मालकाची लेखी संमती आणि नवी मंजुरी आधी. परवानगीपत्राची प्रत घरात ठेवा आणि त्यातली उंची काम झाल्यावर टेपने मोजून घ्या. टॉवरच्या यंत्रांच्या केबिनचा पाया खणताना जांभ्याचं घडीव बांधकाम, खापरं किंवा तोफेचा गोळा लागला तर कुदळ थांबवा, वस्तू जागची हलवू नका, फोटो काढा आणि त्याच दिवशी पुरातत्त्व कार्यालयाला आणि तहसीलदारांना कळवा.