डीव्हीडी प्लेअर घेताना रिजनचा आकडा आधी पाहावा

रत्नागिरी-दापोलीकडील अनेक घरांत आखातात नोकरीला असलेल्या माणसांनी आणलेल्या डीव्हीडी असतात आणि इथे घेतलेल्या प्लेअरमध्ये त्या घातल्या की पडद्यावर रिजन चुकल्याची सूचना तेवढी उमटते. तबकडी खराब नसते; डीव्हीडी आणि प्लेअर जगाच्या ठरावीक भागापुरते बांधलेले असतात आणि त्या भागाच्या आकड्याला रिजन म्हणतात. भारताचा रिजन ५ आहे, तर आखाती देश, पश्चिम युरोप आणि जपान रिजन २ मध्ये येतात. वेष्टनाच्या मागे पृथ्वीगोलाच्या लहानशा चित्रात हा आकडा छापलेला असतो. म्हणून दुकानात जाताना घरातली अशी एक तबकडी सोबत न्यावी आणि ती डोळ्यांसमोर चालवून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नयेत. माझ्या मते सर्व रिजन चालवणारा प्लेअरच घ्यावा. अमेरिकेतील रिजन १ च्या तबकड्या बहुधा एनटीएससी या टीव्ही-चित्राच्या पद्धतीच्या असतात, तेव्हा प्लेअर आणि टीव्ही या दोघांनाही ती पद्धत चालते का, हे तपासावे. संगणकाच्या ड्राइव्हचा रिजन साधारणपणे ५ वेळाच बदलता येतो आणि शेवटचा बदल कायमचा राहतो, त्यामुळे तिथे प्रयोग करू नयेत. पावसाळ्यातील दमट, खाऱ्या हवेत प्लेअर ओलसर भिंतीपासून दूर ठेवावा आणि अधूनमधून चालवत राहावा.