रिकाम्या गोदामात वायफाय तपासू नका, आणि इतर काही चुका

सोयाबीनचा हंगाम आला की मला ठरलेले फोन येतात. "भाऊ, मशीन तं नवीनच हाय जी, मंग काऊन गोलगोल फिरते?" मशीन म्हणजे थप्पीकार्डावरचा, म्हणजे पोत्यांच्या थप्पीला लावलेल्या नोंदीच्या कार्डावरचा क्यूआर वाचणारा हातातला स्कॅनर, नाहीतर साधा अँड्रॉइड मोबाइल. त्याला दोष द्यायला सगळे तयार असतात. शेवटच्या गल्लीपर्यंत चालत जाऊन बघायला मात्र कोणाला वेळ नसतो.

रिकाम्या गोदामात चाचणी. या चुकीने माझं डोकं सगळ्यात जास्त खाल्लंय. वाशीम जिल्ह्यातलं एक टिनाचं गोदाम. ठेकेदाराने पोळ्याच्या सुमारास दोन्ही टोकांच्या दारांवर एकेक ॲक्सेस पॉइंट (वायफाय पसरवणारा डबा) ठोकला, मोबाइल घेऊन चारही कोपरे फिरला, सगळीकडे पूर्ण कांड्या दाखवल्या आणि बिल घेऊन गेला. गोदामात तेव्हा ताडपत्र्या सोडून काही नव्हतं. दिवाळीनंतर थप्प्या कैचीपर्यंत, म्हणजे छताच्या लोखंडी सांगाड्यापर्यंत गेल्या आणि मधल्या गल्ल्या मेल्या. ठेकेदाराचं फोनवर एकच उत्तर, "रीस्टार्ट करा." शेवटी दिवाणजी कार्डांचे फोटो काढायचा आणि दारात उभा राहून नोंदी भरायचा. त्यात दोन लॉट अदलाबदल झाले. भरलेला ट्रक काट्यावरून परत आणून खाली करावा लागला, हमाली दोनदा गेली, आणि शिव्या खाल्ल्या स्कॅनरने.

कारण साधं आहे. पाणी वायफायच्या लहरी शोषतं. सोयाबीनच्या हमीभाव खरेदीत ओलाव्याची नेहमीची मर्यादा १२ टक्के. २०२४ च्या हंगामात ती १५ पर्यंत सैल केली होती. म्हणजे १०० टनांच्या थप्पीत १२ टन पाणी उभं असतं, आणि आपण त्याच्या आरपार सिग्नल मागतो. कापसाच्या १७० किलोच्या दाबलेल्या गाठींचीही अशीच भिंत होते.

माझी पद्धत: ॲक्सेस पॉइंट भिंतीवर नाही, गल्लीच्या वर, कैचीच्या खाली, तोंड गल्लीकडे. एका पॉइंटने थप्पी भेदून पलीकडची गल्ली सांभाळावी अशी अपेक्षाच ठेवत नाही. माल भरल्यावर पुन्हा फेरी मारतो. मोबाइल कमरेच्या उंचीवर, पॉइंटकडे पाठ करून, कारण काम करणारा माणूस तसाच उभा असतो आणि त्याचं अंगही सिग्नल अडवतं. राउटरला पिंग, म्हणजे 'आहेस का?' अशी सतत हाक, चालू ठेवून चालायचं. सिग्नलची ताकद डीबीएममध्ये दिसते, शून्याच्या जितकी जवळ तितकी चांगली. उणे ६७ डीबीएमच्या आसपास असेल तर ठीक. उणे ७५ च्या खाली गेलं की पॉइंटची जागा बदलायची. स्पीड टेस्ट दाखवू नका. स्कॅनरला चार-दोन केबी लागतात, पण ते तुटता कामा नयेत.

पॉवर फुल्ल करणे. "आवाज वाढवला की लांब जाईल" ही समजूत. राउटर ओरडतो, मोबाइलला नीट ऐकू येतं, म्हणून कांड्या पूर्ण दिसतात; पण मोबाइलचा बारीक आवाज राउटरपर्यंत पोचत नाही. वरून दुसरी भानगड अशी की माणूस दुसऱ्या पॉइंटखाली जाऊन उभा राहिला तरी यंत्र जुन्यालाच चिकटून बसतं, कारण कोणाला सोडायचं आणि कोणाला धरायचं हे यंत्रच ठरवतं. मी पॉवर १२ ते १५ डीबीएमवर आणतो, २.४ गिगाहर्ट्झमध्ये शेजारच्या पॉइंटना १, ६, ११ असे वेगळे चॅनेल देतो, चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ. 'ऑटो'वर माझा विश्वास नाही. आणि पॉवर कमी केल्यावर कांड्या घटल्या म्हणून मालकाने फोन केला, तर आधी स्कॅनर चालतोय का ते विचारतो.

रिपीटर, म्हणजे वायफाय पकडून पुढे फेकणारा डबा, लावू नका. घ्यायला स्वस्त, पण बहुतेक तोच रेडिओ ऐकायलाही वापरतो आणि बोलायलाही, त्यामुळे वेग निम्मा. वायर ओढायचा कंटाळा असेल तर हे कामच घेऊ नका. वायरही पूर्ण तांब्याची घ्या, तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची नको. आणि लांबी १०० मीटरच्या आत.

घरगुती राउटर टिनाखाली चिकटवू नका. त्याच्या माहितीपत्रकात बहुधा ४० अंशांची मर्यादा लिहिलेली असते. अकोला, ब्रह्मपुरीचा मे महिना बाहेर सावलीतच ४५ गाठतो, टिनाखालचं तुम्हीच बघा.

काट्यावर रांगेतल्या ट्रकवाल्यांना पासवर्ड वाटणं बंद करा. राउटरकडे यंत्रांना वाटायला १०० आयपी पत्ते आणि प्रत्येक पत्ता २४ तास अडकलेला, असं असलं की दुपारपर्यंत स्कॅनर 'आयपी पत्ता मिळवत आहे' म्हणत बसतो. पाहुण्यांसाठी वेगळ्या नावाचं वायफाय, पत्त्याची मुदत एक तास.

स्कॅनर म्हणून मोबाइल वापरत असाल तर 'सिग्नल कमी असल्यास मोबाइल डेटावर जा' ही सेटिंग आणि त्या ॲपची बॅटरी बचत बंद करा.

नेट गेलं अशी बोंब झाली की आधी राउटरला पिंग करा, मग बाहेर. राउटर उत्तर देत असेल तर वायफाय ठीक आहे. फायबर रस्त्यावर कुठल्या तरी जेसीबीने तोडलेली असेल.

शेवटचं यूपीएसचं. धान्य वर चढवणाऱ्या एलेव्हेटरची मोटर सुरू झाली की व्होल्टेज बसतं आणि नेटवर्कचा स्विच (सगळ्या पॉइंटच्या वायरी जोडलेला डबा) पुन्हा चालू व्हायला लागतो, त्यामुळे सगळे पॉइंट एकदम जातात. पॉइंटना वीज देणारा स्विच छोट्या यूपीएसवर ठेवा, आणि यूपीएसचे उरलेले सॉकेट टेप लावून बंद करा. नाहीतर तिथे दिवाणजीचा मोबाइल, हमालांचा टॉर्च आणि उन्हाळ्यात टेबलफॅन लागतो. रागावतील, रागावू द्या.