शेततळ्यात मासे सोडलेत? पाणकावळे यायच्या आत या चुका टाळा

थंडी पडली की निफाड, सिन्नर, येवल्याकडं एकच ओरड सुरू होते, नांदूरमधमेश्वर पक्षी अभयारण्यातले परदेशी पक्षी आले अन् आमचे मासे गेले. पहिली चूक इथंच होते राव. तलवार बदक, थापट्या, चक्रवाक, पट्टकदंब हे लांबून येणारे पाहुणे मुख्यतः गवत, दाणे, पाणवनस्पती, किडे यांवर जगतात, तुमच्या रोहू-कटल्याशी त्यांचं फारसं देणंघेणं नाही. पाहुण्यांत कैकर म्हणजे मासे पकडणारी घार आहे, पण खरा डल्ला मारतात ते पाणकावळे, अन् त्यांच्यासोबत बगळे, खंड्या, आणि यातले बरेचसे तर बारमाही इथलेच. मोठा पाणकावळा दिवसाला साधारण अर्धा किलोच्या आसपास मासे खातो, म्हणजे दहा जण रोज यायला लागले तर हिशोब तुम्हीच करा. लहान पाणकावळा कमी खातो पण थव्यानं येतो.

दुसरं म्हणजे पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करतायत अन् बगळे गोळा झालेत, तर बगळ्यांच्या मागं धावू नका, आधी एअरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) नाहीतर मोटार लावून पाणी खेळवा. ऑक्सिजन कमी पडलाय, पक्षी फक्त अर्धमेले मासे उचलतायत. माशाच्या पाठीवर भोसकल्यासारखी खोल जखम दिसली तर बगळा समजा, अंगाच्या दोन्ही बाजूंनी खवले खरवडलेले असले तर पाणकावळा. जखमच नाही अन् मासे कमी होतायत? मग रात्री काठावर दिवड (पाणसाप) फिरतोय का बघा, नाहीतर दोन पायांचा चोर.

प्लास्टिकच्या तळ्यात एक बरं असतं, उतार घसरडा म्हणून बगळ्याला पाय रोवून उभं राहता येत नाही, कोपऱ्यात गाळ साचला असेल तरच त्याचं फावतं. पाणकावळा मात्र सरळ बुडीच मारतो. पण त्याची पिसं भिजतात, त्यामुळं बुड्या मारून झाल्या की पंख पसरून वाळवायला त्याला बैठक लागते, आणि ती बैठक आपणच देतो, मोटारीचा तरंगता ड्रम, मधेच रोवलेला बांबू, काठावरची वाळकी बाभूळ. ड्रमवर पांढरे ओघळ दिसले की ओळखा, इथं रोज सभा भरते. बांबू काढा, वाळकं झाड तोडा, ड्रमवर बसता येणार नाही असं काहीतरी बांधा.

मत्स्यजिरे (माशांची अगदी बारीक पिल्लं) किंवा बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) थेट मोठ्या तळ्यात सोडणं म्हणजे पंगत वाढणं. आधी वरून झाकलेल्या हाप्यात (पाण्यात बांधलेल्या बारीक जाळीच्या पेटीत) वाढवा, बोटापेक्षा चांगली मोठी झाली की मग सोडा. खाद्यही रोज त्याच वेळेला त्याच कोपऱ्यात टाकू नका, मासे वर येतात ते पक्ष्यांनाही पाठ होतं.

दिवाळीचे उरलेले फटाके, चमकपट्टी, बुजगावणं, सगळं चालतं पण थोडे दिवस. पक्ष्यांना सवय झाली की बुजगावण्याच्या डोक्यावरच बसतात (खरंच). जागा बदलत राहा, दोन-तीन उपाय आलटून पालटून करा, अन् सुरुवात ऑक्टोबरातच करा, थव्याला चटक लागल्यावर हाकलणं लई अवघड जातं.

सगळ्यात खात्रीचं म्हणजे जाळी. द्राक्षबागेची जुनी जाळी वापरतात बरेच जण, हरकत नाही, पण ती सैल सोडू नका, पाण्याला टेकली की पक्षी वरूनच मासा ओढतो नाहीतर अडकून मरतो. कडा जमिनीपर्यंत बंद हव्यात, पाणकावळा काठावरून चालतही आत घुसतो. बारीक तंगूस (नायलॉनचा पारदर्शक दोरा) तर नकोच, पक्ष्याला दिसत नाही. आणि विष टाकणं, छर्रे मारणं डोक्यातूनच काढा, 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, नांदूरमधमेश्वर तर राज्यातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा), शिवाय विषाचं तेच पाणी उद्या तुमच्याच कांद्याला जाणार.

एक गोष्ट मात्र सगळेच विसरतात. जानेवारी-फेब्रुवारीत द्राक्षाला, कांद्याला पाणी काढत गेलो की तळं खाली जातं, मासे कमी पाण्यात दाटीनं येतात, थंडीनं सुस्तही असतात, त्यात निफाडची थंडी म्हणजे विचारू नका. पक्ष्यांना याहून सोपं काय. म्हणून विक्रीजोगे मासे पाणी तळाला जायच्या आत काढा, गिऱ्हाईक आधीच बघून ठेवा, आणि तळ्यात कमीत कमी किती पाणी राखायचं त्याची खूण प्लास्टिकवर रंगानं करून ठेवा, मोटार चालू करणाऱ्या गड्यालाही ती दाखवा.