बाळ एनआयसीयूत असताना दूध काढताय? या चुका टाळा

माझी लेक ३१ व्या आठवड्यातच झाली, वजन १४०० ग्रॅम. ती एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, पेटीत, मी वरच्या मजल्यावर वॉर्डात. भेटायला येणारं प्रत्येक जण म्हणे, "बाळ अंगावर प्यायला लागलं की पान्हा फुटेल, आत्ता आराम कर." मी दोन दिवस आराम केला आणि ती चूक पुढे महिनाभर निस्तरली.

छाती रिकामी होत राहिली तरच दूध बनत राहतं. म्हणून बाळंतपणानंतर जमलं तर पहिल्या तासात, फार तर ६ तासांत दूध काढायला घ्या, सिझेरियन असलं तरी. दिवसरात्र मिळून ८ ते १० वेळा, त्यात रात्री एकदा तरी हवंच. दूध तयार करणारं प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं. मी "जरा झोपू दे" म्हणून ती खेप चुकवायचे, सकाळी छाती दगडासारखी दाटलेली असायची.

दुसरी चूक, थेंबांना नाक मुरडणं. तिसऱ्या दिवशी सिस्टरांनी हाताने काढायला शिकवलं: अंगठा वर, बोटं खाली, बोंडशीभोवतीच्या काळ्या भागाच्या जरा मागे, आधी बरगड्यांकडे दाबायचं, मग चिमटीत धरल्यासारखं. बोटं कातडीवर घसरवायची नाहीत. अर्ध्या तासात चमच्याचा तळ जेमतेम ओला झाला, पिवळाधमक चीक. मला तो पुढे करायलाही संकोच वाटला. सिस्टरांनी तो सिरिंजमध्ये ओढून घेतला, ०.८ मिली, आणि बोळ्याने लेकीच्या गालांच्या आतून फिरवला. तिने ओठ हलवले! सुरुवातीचा चीक हातानेच काढा. दूध काढायच्या पंपात तो भांड्यालाच चिकटून राहतो.

पंपाचा जोर वाढवला म्हणून दूध वाढत नाही, जखमा होतात. बोंडशी घासली जात असेल तर फनेलचं, म्हणजे पंपाच्या छातीवर बसणाऱ्या भागाचं, माप बदला.

घरी आल्यावर खरी परीक्षा. एप्रिलमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो आणि सिडकोहून हॉस्पिटलपर्यंत रिक्षात डबी हातात धरून नेणं म्हणजे दूध नासवणं. आइसबॉक्स आणि बर्फाचे पॅक वापरा. बाहेर ४ तासांच्या वर नको, उन्हाळ्यात त्याहूनही कमी. फ्रिजमध्ये आत मागे ठेवा, दारात नाही. किती तास चालेल ते तुमच्या एनआयसीयूला विचारा. कोमट दूध गार दुधात ओतू नका. डबीवर नाव, तारीख आणि वेळ लिहा. वेळ लिहिली नाही म्हणून माझी भरलेली डबी परत आली, तेव्हा मी जिन्यात बसून रडले होते.

दूध अचानक कमी झालं? आधी खेपा मोजा, मग पंपाचा वॉल्व्ह फाटलाय का पाहा. बाळाला कांगारू पद्धतीने, म्हणजे उघड्या अंगाला अंग लावून, उराशी घेतल्यावर लगेच काढून बघा, मला सगळ्यात जास्त त्याच वेळी निघायचं. हळिवाची खीर आवडीने खा, पण चुकलेली खेप तिने भरून निघत नाही. ताप आला किंवा छाती लाल होऊन दुखली तर डॉक्टरांना दाखवा, दूध काढणं मात्र थांबवू नका. कमी पडतंय म्हणून दुधाची पावडर घरून नेऊ नका. मिल्क बँकेचं, म्हणजे दुसऱ्या आयांनी दान केलेलं, दूध मिळेल का विचारा. मुंबईत सायन हॉस्पिटलात १९८९ पासून ती सोय आहे.

चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ साधारण ३४ आठवड्यांच्या आसपास बसतो. तोवर नळी, मग वाटी-चमचा. बाळ अंगावर प्यायला लागलं तरी पंप एकदम बंद करू नका. सुरुवातीला ते चार घोट घेऊन दमतं, उरलेलं तुम्हालाच काढावं लागतं.