आधी कंबर मोजा, मग सकाळी उपाशीपोटी या

लॅबमधली गर्दी ओसरली की संध्याकाळी सातच्या सुमाराला एखादा चाळिशीतला माणूस येतो. काउंटरवर मॅडम असतील तर दारातच घुटमळतो, मग मला बाजूला घेऊन विचारतो, "ती हार्मोनची टेस्ट होते का इथं?" साताऱ्यात बावीस वर्षं मी रक्त काढतोय. त्याला बसवतो, पाणी देतो आणि सांगतो, "होते. पण आत्ता नको. उद्या सकाळी उपाशीपोटी या."

ही टेस्ट टेस्टोस्टेरॉनची, म्हणजे पुरुषी हार्मोनची. ते सकाळी सगळ्यात जास्त असतं, दिवस चढेल तसं उतरतं, खाल्ल्यावर आणखी उतरतं. संध्याकाळी वडापाव खाऊन दिलेल्या रक्तात ते कमी दिसणारच, आणि माणूस उगाच खचेल. म्हणून रात्रीची झोप झालेली हवी, पोटात फक्त पाणी, वेळ सात ते दहा. नुकताच ताप येऊन गेला असेल तर थांबा. आकडा कमी आला तर वेगळ्या दिवशी पुन्हा तपासा. बरेच डॉक्टर एका डेसिलिटरला (100 मिलिलिटर रक्ताला) 300 नॅनोग्रॅमच्या खाली कमी धरतात, पण एका रिपोर्टवर कुणी निदान करत नाही.

हे इतकं पोटतिडकीनं सांगतोय, कारण पाच वर्षांपूर्वी दारात घुटमळणारा माणूस मीच होतो. वय 44, वजन 94 किलो. दुपारचा डबा खाल्ला की डोळे मिटायचे. पहाटेचा ताठरपणा कधी बंद झाला तेही कळलं नव्हतं. एका रात्री बायको म्हणाली, "अहो, तुमचं माझ्यावरून मन उडालंय का?" मन उडालं नव्हतं, पण ते तिला कसं सांगावं तेच सुचेना.

सुरुवात शिवणकामाच्या टेपनं करा. पँटच्या नंबरावर जाऊ नका. पँट आपण पोटाखाली बांधतो. माझी पँट 36 ची होती. शर्ट वर करून सरळ उभं राहा, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप लावा, श्वास सहज सोडा, पोट आत ओढू नका. एकट्याला टेप पाठीमागं सरळ धरता येत नाही. माझी टेप बायकोनंच धरली, आणि त्या रात्री आम्ही पहिल्यांदा या विषयावर नीट बोललो. कंबर 108 सेंटीमीटर भरली. आपल्याकडच्या पुरुषांसाठी मर्यादा 90 ची.

पोटावरची चरबी नुसती पडून राहत नाही. तिच्यात अरोमाटेज नावाचं एन्झाइम असतं, ते टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन, म्हणजे बायकांचं हार्मोन करतं. इस्ट्रोजेन वाढलं की मेंदूकडून वृषणांना जाणारा हुकूम मंदावतो आणि टेस्टोस्टेरॉन आणखी कमी बनतं. ते कमी झालं की स्नायू घटतात, पोट वाढतं. रात्री घोरताना श्वास अडकत असेल तर त्यात भरच पडते, तेव्हा घोरण्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगा. आणखी एक गोष्ट: लठ्ठ माणसात हे हार्मोन वाहून नेणारं एसएचबीजी नावाचं प्रथिन कमी असतं, त्यामुळे एकूण आकडा असतो त्याहून वाईट दिसतो. अशा वेळी एसएचबीजी आणि फ्री (प्रथिनाला न चिकटलेलं) टेस्टोस्टेरॉनही बघायचं का, हे विचारा.

पण इच्छा आहे आणि ताठरपणा येत नाही, असं असेल तर आधी रक्तवाहिन्यांचा संशय घ्या. लिंगातल्या रोहिण्या एक-दोन मिलिमीटरच्या, हृदयाच्या तीन-चारच्या. साखर, कोलेस्टेरॉल आणि बीपीचा मार बारीक नळीत आधी दिसतो. हृदयाचा त्रास पुढं काही वर्षांनी वर येऊ शकतो. म्हणून त्याच सकाळी फास्टिंग शुगर, एचबीए1सी (मागच्या तीनेक महिन्यांच्या साखरेची सरासरी) आणि लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉलची तपासणी) करून घ्या, बीपी मोजा. माझं एचबीए1सी 6.3 निघालं, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. मला खरी भीती त्या आकड्याची वाटली.

दोन गोष्टी अजिबात करू नका. मेडिकलमधून गुपचूप ताठरपणाची गोळी आणू नका. छातीत दुखतं म्हणून जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवणाऱ्यानं ती घेतली तर बीपी एकदम कोसळून जिवावर बेततं. दुसरं, जिममध्ये कुणी देतो म्हणून टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन घेऊ नका. लग्नाला वर्ष झालेल्या एका पोराच्या वीर्याची तपासणी आली होती. अर्धा तास स्लाइड सरकवत बसलो, एकही शुक्राणू दिसला नाही. खोदून विचारल्यावर इंजेक्शनचं निघालं. बाहेरून हार्मोन मिळालं की वृषणं काम थांबवतात. औषध बंद केल्यावर बहुतेकांचं पूर्ववत होतं, पण त्यात महिने जातात.

वजन उतरवलं की फरक पडतो. इटलीत 110 लठ्ठ पुरुषांवर दोन वर्षं केलेला अभ्यास 2004 साली आला. सगळ्यांना ताठरपणाची तक्रार होती. ज्यांना आहार आणि व्यायामाचं नीट मार्गदर्शन मिळालं, त्यातल्या जवळपास तिसऱ्या हिश्श्याची तक्रार गेली.

मी दिवसाचे सहा चहा दोनवर आणले, तेही बिनसाखरेचे. खारी आणि फरसाण घरात आणणं बंद. रात्री साडेसातला एक भाकरी, वाटीभर उसळ, पालेभाजी. आठवड्यातून पाच दिवस पहाटे अजिंक्यताऱ्याचा चढ, आल्यावर बैठका. पहिल्या दिवशी आठच झाल्या. उपास मात्र करू नका, फार उपाशी राहिलं तर टेस्टोस्टेरॉन उलट घसरतं. आठवड्याला अर्धा किलो पुरे. चौदा महिन्यांत मी 81 वर आलो, टेस्टोस्टेरॉन 238 वरून 390 झालं. पहाटेचा ताठरपणा त्याआधीच, सातव्या-आठव्या महिन्यात परतला होता.

एचबीए1सी तीन महिन्यांनी बघा, टेस्टोस्टेरॉन सहा महिन्यांनी, त्याच लॅबमध्ये आणि त्याच वेळेला. वजन उतरूनही आकडा खाली आणि त्रास तसाच असेल तर एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरकडे जा. ते उपचार सुरू करण्याआधी पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) आणि हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण) बघतील. मूल हवं असेल तर ते पहिल्याच भेटीत सांगा, कारण मग औषध वेगळं द्यावं लागतं.