मांजर, कोंबड्या वाफा उकरतात? जाळी आडवी टाका
परड्यात मेथी-कोथिंबीर पेरली की शेजारची मांजर मऊ माती उकरून घाण करते, कोंबड्या बी टिपतात. बेळगाव-खानापूरकडच्या पावसात मिरचीपूड, फिनेल एका सरीत धुऊन जातं. म्हणून हे करा.

१. पेरून पाणी दिल्यावर १ इंची भोकांची कोंबडीजाळी वाफ्यावर आडवी पसरा. ठेंगण्या कुंपणावर पैसे घालवू नका, मांजर त्यावरून सहज उडी मारते.
२. कडा चार बोटं मातीत दाबा, तारेची टोकं खाली वळवा, कोपऱ्यांवर विटा ठेवा.
३. मेथी, कोथिंबीर भोकांतून सरळ वर येते. वांगी-मिरची असेल तर रोपांना फांद्या फुटायच्या आत जाळी उचला, नाहीतर रोपं अडकतात.

शेजारी बोलायचं तर तक्रार करण्यापेक्षा मुदत सांगा: "काकू, रोपं वर येईपर्यंत आठ-दहा दिवस कोंबड्या सकाळच्या जरा कोंडून ठेवाल का?" असं विचारलं की बहुतेक जणी ऐकतात.

वाफ्यात डांबरगोळ्या मात्र अजिबात टाकू नका. त्या मांजरांना विषारी असतात, आणि लहान मुलंही उचलून तोंडात घालतात.