शहरी वर्गातील समता: शिक्षकांनी या चुका टाळाव्यात
बेळगावच्या वडगाव, शहापूर, खासबाग यांसारख्या भागांतील मराठी शाळेत यंत्रमाग कामगारांची, उद्यमबागेतील कारखान्यांत राबणाऱ्यांची आणि बांधकामासाठी शहरात आलेल्या कुटुंबांची मुले एकाच वर्गात बसू शकतात. कुणाच्या घरी मराठी, कुणाच्या घरी कन्नड, तर कुणाच्या घरी लमाणी बोलली जाते. अशा वर्गात सर्वांना सारखेच शिकवले म्हणजे न्याय झाला, असे मानणे ही मूळ चूक आहे आणि पुढच्या बहुतेक चुका तिच्यातूनच उद्भवतात.

तिचे लक्षण ओळखणे सोपे आहे. हात वर करणारी चार-पाच मुले ठरलेली असतात आणि मागच्या बाकांवरील मुलांना पहिल्या काही आठवड्यांतच ‘अभ्यासात कच्ची’ ठरवलेले असते. या मुलांच्या गप्प राहण्यामागे पुष्कळदा अज्ञान नसून भाषेचा संकोच असतो. इकडच्या बोलीत कन्नड आणि कोकणी सहज मिसळलेल्या आहेत. मूल घरच्या बोलीत बरोबर उत्तर देते, शिक्षक मात्र आधी त्याची भाषा ‘शुद्ध’ करतात, आणि ते मूल पुन्हा तोंड उघडत नाही. उत्तर प्रथम स्वीकारावे आणि प्रमाण रूप नंतर फळ्यावर त्याच्या शेजारी लिहावे. गणितातील शाब्दिक उदाहरण अडले, तर तेच तोंडी आणि मुलाच्या बोलीत घालून पाहावे, कारण त्याला भागाकार येत असतो, केवळ प्रश्नातील वाक्य उलगडत नसते. घरी कन्नड बोलणाऱ्या मुलांना आपसात कन्नडमध्ये चर्चा करू द्यावी. कर्नाटकातील मराठी शाळांत कन्नड विषय शिकावाच लागतो, त्या तासाला हीच मुले इतरांना शिकवू शकतात, आणि ही संधी वाया जाताना पाहून मनस्वी वाईट वाटते.

भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय मिळावी, असे राज्यघटनेचे कलम ३५०-अ सांगते. सीमाभागात या कलमाचा आग्रह धरणाऱ्या आपण मराठी शिक्षकांनी वर्गातील लमाणी मुलाच्या भाषेलाही तितकाच मान द्यायला हवा, असे माझे ठाम मत आहे.

वारंवार गैरहजर राहणाऱ्या मुलाला वर्गाबाहेर उभे करणे ही दुसरी चूक. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम १७ शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई करते. निपाणीसारख्या गावात आई विड्या वळत असताना धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी मुलगी घरी राहिली असेल, तर शिक्षेने ती आणखी दुरावेल. बुडालेला पाठ भरून काढण्यासाठी तिला एक सोबतीण नेमून द्यावी.

मुलांना अधिकार देण्याच्या नावाखाली शाळेच्या मंत्रिमंडळात दरवर्षी हुशार मुलेच निवडली जातात आणि निर्णय मात्र शिक्षकच घेतात. पदे आळीपाळीने द्यावीत. पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह, मधल्या सुट्टीतील खेळाचे साहित्य यांविषयी मुलांनी ठरवलेले शक्य तेथे अमलात आणावे आणि शक्य नसेल तर कारण त्यांनाच सांगावे.

पालकांच्या बाबतीतही हेच घडते. वरील कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात, परंतु बैठक कामाच्या दिवशी दुपारी ठेवली तर मजुरी बुडवून कोण येणार? ती संध्याकाळी किंवा सुट्टीच्या दिवशी घ्यावी, निरोप केवळ लेखी न पाठवता तोंडीही द्यावा आणि मागील बैठकीतील कोणत्या सूचनेवर काय झाले, हे आरंभीच वाचून दाखवावे.